मला आणि मले

त्या मंगळवारी सकाळी मी अंघोळ करून आलो तेव्हा बायको चुलीवरून भात उतरवत होती. तिच्या हातातून झाकण पडले. ते घ्यायला ती वाकली आणि तशीच जमिनीवर पडली. मी विचारले, काय झाले? तिने तोंड उघडले. शब्द आला नाही.

तेंदूपत्त्याच्या एका कंत्राटदाराची जीप चौकात उभी होती. तिच्यातून आम्ही कुरखेड्याहून निघालो, वडसा मागे टाकले, वैनगंगेचा पूल ओलांडला आणि ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात पोचलो. वाटेत तिचे डोके माझ्या मांडीवर होते. ती माझ्याकडे पाहत होती. तिला मी ओळखू येत होतो, हे मला कळत होते. तेवढ्यावर मी तो रस्ता काढला.

पुढे नागपूरला नेऊन मेंदूचा फोटो काढला. तो घेऊन परत ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांकडे आलो. त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर पेनने मेंदूची आकृती काढली. मी फळ्यावर काढायचो तशीच, जरा घाईत काढलेली.

“गुरुजी, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही हे शिकवता,” ते म्हणाले. “डावीकडे, पुढच्या बाजूला, इथं. उजवा हात आणि बोलणं. दोघांची घरं शेजारी शेजारी आहेत. एकाला आग लागली की दुसऱ्यालाही झळ बसते.”

“तिला समजतं का?”

“बरंचसं समजत असावं. आत आहे, बाहेर यायची वाट बंद आहे. थोडी उघडेल. किती, ते सांगता येत नाही. पहिल्या काही महिन्यांत जास्त उघडते. तिच्याशी बोलत राहा. तिला बोलू द्या.”

मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. शिक्षक कमी असल्यामुळे मराठीचे व्याकरणही माझ्याकडेच होते. मेंदूचा धडा मी तोवर सोळा वर्षे शिकवला होता. मोठा मेंदू पांढऱ्या खडूने, लहान मेंदू पिवळ्या, लंबमज्जा लाल. लहान मेंदूचे एक कार्य सांगा, एक गुण. शरीराचा तोल सांभाळणे, उत्तर बरोबर. मुले ते पाठ करत, मीही केले होते. त्या आकृतीत कोणी चहा गाळत नाही, वेणी घालत नाही, दारातून हाक मारत नाही, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

घरी आणल्यावर ते एकेक करून ध्यानात येऊ लागले. तिला चमचा दाखवला आणि हे काय म्हणून विचारले तर ती तो माझ्या हातातून डाव्या हाताने घेई, हवेत ढवळून दाखवी आणि मग माझ्याकडे पाही. चमच्याचे काम तिला ठाऊक होते. नाव मात्र हाती लागत नव्हते. वस्तूचे काम एकीकडे ठेवलेले असते आणि तिचे नाव दुसरीकडे, हे मी पुस्तकात वाचले असते तर लगेच विसरलो असतो. भात शिजला की नाही हे तिला खाटेवरून वासानेच कळे, आणि मी बसून राहिलो तर ती खाटेची लाकडी पट्टी वाजवी. बाजारातून भलतीच चहापत्ती आणली तर पुडा ढकलून देई. बाहेरून आलेला माणूस दुःखाने आला आहे की नुसता पाहायला आला आहे, हे ती माझ्याआधी ओळखत असे. हे सगळे शाबूत होते. उजवा हात मांडीवर पडून असे, कोणी दुसरा तिथे ठेवून गेल्यासारखा. साडी मी नेसवू लागलो. शेजारच्या टेलरची म्हातारी आई, जिला सगळी गल्ली चाची म्हणे, तिने मला निऱ्या घालायला शिकवल्या.

“इतकी मोटी मोटी किताबं वाचता गुरुजी, आन् पाच निऱ्या नाई होत तुमच्यानं?” चाची म्हणाली. बायको हसली. अर्धांगवायूच्या झटक्यानंतरचे ते तिचे पहिले हसणे होते, अर्ध्या तोंडाचे.

तिच्याजवळ एकच शब्द उरला होता. नाई. पाणी हवे असले तरी नाई, नको असले तरी नाई. सुरावरून मी अंदाज बांधत असे. खाली उतरणारा नाई म्हणजे नाही. मध्येच वर जाणारा नाई म्हणजे हो, समजत कसे नाही तुम्हाला.

इथे मला मागे जाऊन एक गोष्ट सांगितली पाहिजे.

मी आणि ती दोघेही पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलेच. आमची घरची भाषा एकच होती. मले, तुले, काऊन, करून राह्यलो. मी नागपूरला बी.एड.ला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उभा राहून म्हणालो, “सर, मले हे समजलं नाई.” वर्ग हसला. सरांनी माझे वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहिले आणि यात किती चुका आहेत ते मोजायला सांगितले. मुलांनी मोजल्या. मी उभाच होतो. त्यानंतर वर्षभर मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे. आमच्या बौद्ध समाजातला मुलगा शिकून पुढे जायचा असेल तर कोणाला त्याच्या कपड्याकडे, अक्षराकडे आणि बोलण्याकडे बोट दाखवायला जागा असू नये, असे मला वाटे. वर्षाच्या शेवटी माझी भाषा इतकी स्वच्छ झाली की गावी आईने विचारले, तू कोनाच्या घरचा पाहुना आहेस?

लग्न झाले तेव्हा बायको सातवी पास होती. तिचे गाव कुरखेड्याहून आत, जंगलाला लागून. बोलायला फटकळ आणि हजरजबाबी. ती म्हणे, “अजी, मले बाजारात जायचं हाय.” मी तिच्याच सुरात, जरा ओढून म्हणे, “मलेऽ?” ती हसून म्हणे, “मला.” पहिल्या वर्षी ती वर विचारी, “किती मार्क कापले जी?” पुढे पुढे ते विचारणे थांबले. मग हसणे थांबले. ती मुकाट्याने दुरुस्त करून घेई. मी रागावत नव्हतो, कधी आवाज चढवला नाही. शिक्षकाच्या बायकोला चारचौघांत कोणी हसू नये, एवढेच माझ्या मनात होते. आम्हाला मूलबाळ नव्हते. घरात दुरुस्त करायला ती एकटीच होती.

माहेरी गेली की अंगणात पाय ठेवायच्या आधीच तिची भाषा बदले. तिथे ती दिवसभर बोले. आमच्या घरी वर्षावर्षाने तिचे बोलणे कमी होत गेले. तिचा स्वभाव शांत झाला, असे मी समजलो. मला वाचायला वेळ मिळत होता.

झटका आला त्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी सबंध मिळाली. मी पहिलीचे पुस्तक आणि पाटी आणली. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. हे घर. हा बैल. मला पाणी हवे. मी बोलायचे, तिने माझ्यामागून म्हणायचे. तिचे ओठ हलत, कपाळावर घाम येई, आणि बाहेर पडे, नाई. मी पुन्हा म्हणे, मला पाणी हवे. ती पुस्तक डाव्या हाताने मिटून टाकी. मी ते उघडत असे. आता वाटते, त्या खाटेवरून तिला उठून जाता येत नव्हते म्हणूनच तो तास चालत होता.

जूनअखेर शाळा सुरू झाली. माझी सगळी रजा संपली होती. तिला काठीने चालता येत होते, पण तोल भरवशाचा नव्हता. एके दिवशी मी शाळेत असताना ती विहिरीकडे निघाली आणि पायरीवर पडली. तेव्हापासून मी दाराला बाहेरून कुलूप लावू लागलो. एक किल्ली चाचीकडे असे. ती दुपारी येऊन तिला जेवू घाली, बाहेर नेऊन आणी आणि परत कुलूप लावून जाई. दोन खोल्या, रस्त्याकडे एक खिडकी. मी निघताना बायको खिडकीत बसलेली असे. डावा हात गजावर. मी म्हणे, येतो. ती काही म्हणत नसे. गल्लीच्या टोकापर्यंत मला मागे वळून पाहता येत नसे, आणि तास घेताना हात सारखा खिशातल्या किल्लीकडे जाई. पावसाने पंधरा पंधरा दिवस रस्ता बंद होई, ब्रह्मपुरीला जाणे होत नसे. मी शाळेतून येई, कुलूप काढी, आत जाई आणि आतून कडी लावी. दिवा लागेपर्यंत आम्ही दोघे एकमेकांसमोर बसून असू, मधे पहिलीचे पुस्तक.

आषाढी पौर्णिमेला तिला विहारात नेले. वंदना सुरू झाली. बायकांच्या ओळीत भिंतीला टेकवून तिला बसवले होते. मी पुरुषांकडे होतो. त्रिसरण झाले, पंचशील सुरू झाले, आणि माझ्या कानांवर तिचा आवाज आला. स्पष्ट, न अडखळता, शब्दाला शब्द लावून. आजूबाजूच्या बायकांनी आपले म्हणणे हळू केले. ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. संपल्यावर एक बाई दुसरीला म्हणाली, माझ्या ऐकण्याइतक्या मोठ्याने, “पाहा मा, बोलते न हे! गुरुजीच्याच पुढं तोंड शिवलं का इचं?” दुसरी म्हणाली, “सोंग हाय वं, सोंग. काम कराले नको.”

घरी येऊन मी तिला खाटेवर बसवले, पुढ्यात पेला धरला आणि म्हणालो, “पाणी म्हण. इतकं सगळं पाली म्हटलंस, दोन अक्षरं म्हणता येत नाहीत?”

तिने माझ्याकडे पाहिले. “नाई,” ती म्हणाली.

मी पेला पुढे केला नाही. किती वेळ ते सांगवत नाही. ती म्हणत नाही, असे मला वाटू लागले होते. येत नाही असे नव्हे, म्हणत नाही. त्या दिवसापासून मी सकाळचा तास दीड तासाचा केला.

श्रावणात एका संध्याकाळी मी शाळेतून येऊन कुलूप काढले. चाचीने सांगितले होते की दुपारी ती जेवली नाही. मी माठातून पाणी घेऊन पीत होतो. पाठीमागून आवाज आला.

“म... मले.”

मी वळलो. तिचा डावा हात माझ्या हातातल्या पेल्याकडे होता. चेहरा लाल झाला होता. चार महिन्यांत ती वंदना आणि नाई सोडून तिच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द होता.

“मला,” मी म्हणालो.

ते मी ठरवून म्हणालो नाही. माझ्या तोंडून निघून गेले. सोळा वर्षे वर्गात आणि तितकीच घरात, कोणी मले म्हटले की माझ्या तोंडून मला निघते. विचार करायच्या आधीच. हेसुद्धा मेंदूत कुठेतरी पाठ होऊन बसलेले असणार, तिच्या वंदनेसारखे.

तिने हात खाली घेतला. मी पेला घेऊन धावलो. म्हण, म्हण, परत म्हण, म्हणालो. मले म्हण, काहीही म्हण. तिने ओठ घट्ट मिटले होते. मी पेला ओठांना लावला तेव्हा पाणी हनुवटीवरून खाली गेले.

त्यानंतर नाईसुद्धा बंद झाला.

दीड महिना घरात एक शब्द झाला नाही. मी पुस्तक कपाटात ठेवले, परत काढले, परत ठेवले. चाची सांगे, “दिवारकडं तोंड करून बसते जी दिवसभर. मी बोलतो, ते आयकते. बस्स.” डॉक्टरांनी सांगितलेले पहिले काही महिने एकेक करून जात होते आणि मी त्यांना कुलूप लावून शाळेत जात होतो.

भाद्रपदात भाताची रोवणी आटोपल्यावर बायकोची मोठी बहीण आली. ती विधवा होती, गावी मुलगा आणि सून शेती पाहत. बायको तिला बाई म्हणे, म्हणून मीही बाईच म्हणत असे. तिचे हातपाय चिखलाने अजून फुगलेले होते. दारात कुलूप पाहून ती तशीच उभी राहिली.

“हे कायले?”

“पडते ती. विहिरीकडे जाते.”

“मंग विहिरीवर झाकन ठेवा न गुरुजी. बायकोवर कायले ठेवता?”

दुसऱ्या दिवसापासून दार उघडे राहू लागले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी शाळा लवकर सुटली. मी घराजवळ आलो तेव्हा आतून गाणे ऐकू आले. रोवणीचे गाणे. आमच्याकडे बायका बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलात वाकून भाताची रोपे लावताना एक ओळ एकीने आणि दुसरी ओळ बाकीच्यांनी अशी गाणी म्हणतात. पहिली ओळ बाईची होती. दुसरी ओळ माझ्या बायकोने म्हटली. पूर्ण, शब्दांसह. सूर जरा खाली होता, एवढेच.

मी खिडकीच्या बाजूला भिंतीशी उभा राहिलो.

“का वं,” बाई म्हणत होती, “गुरुजीच्या घरी राहून मुकी झाली का तू? आपल्या घरी त चूप बस म्हनून तुले मार देवा लागे.”

“नाई... बाई.”

“नाई का? त्या पाटलाच्या बांधीत कोन लडली होती मुकद्दमासंग? मी लडली?”

“मी,” बायको म्हणाली. मग थांबून, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे, “मले... बोल्ला... मेला.”

दोघी हसल्या. बाईला हसता हसता खोकला लागला.

मी दारात आलो. बायकोने मला पाहिले. तिचे तोंड मिटले. सुपात तांदूळ होते, ती डाव्या हाताने खडे निवडत होती. तिने मान खाली घातली आणि निवडत राहिली.

संध्याकाळी मी बाईला ओसरीवर गाठले. “माझ्यासमोर का बोलत नाही ती?”

“तुमी आले का बंद पडते. रेडिओचा कान पिळल्यावानी.”

“मी तर काही बोललोसुद्धा नाही.”

“बोलाले कायले पायजे? तुमचं तोंडच तसं हाय, पेपर तपासाले बसल्यावानी. मानूस बोलून राह्यला, न तुमी त्याच्यात लाल पेन मारून राह्यले.” मग माझी दया आल्यासारखे, “तुमी वाईट नाई गुरुजी. पन ते भिते तुमाले.”

मला भिणारे कोणी आपल्या घरात आहे, हे मला माहीत नव्हते.

पाऊस उघडल्यावर आम्ही तिघे ब्रह्मपुरीला गेलो. डॉक्टरांनी विचारले, “घरात कोणती भाषा बोलता?”

“मराठी,” मी म्हणालो.

“गुरुजी मराठी बोलतेत,” बाई म्हणाली. “आमी दोघी आपलं बोलतो.”

डॉक्टर हसले. ते त्याच भागातले होते. “मग तुमचं आपलंच चालू द्या, बाई. पहिली शिकलेली बोली कधी कधी आधी परत येते. नेहमी येतेच असं नाही, पण येत असेल तर येऊ द्या.” मग माझ्याकडे वळून त्यांनी परत कागद घेतला आणि या वेळी उजव्या बाजूला पेन टेकवले. “गाण्याचा सूर इकडं जास्त असतो. ही बाजू तिची चांगली आहे. म्हणून गाण्याच्या पाठीवर बसून शब्द बाहेर येतात. पाठ झालेली प्रार्थना, अंक, शिव्या, हेही वेगळ्या वाटेनं येतात. स्वतःचं वाक्य बनवायचं म्हटलं की अडतं. आणि बोलणाऱ्याचा सूरही पुष्कळसा याच बाजूला कळतो. कोण प्रेमानं बोललं, कोण रागानं, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा कमी कळत नाही.”

“म्हणजे वंदना म्हटली ते सोंग नव्हतं.”

“सोंग कोण म्हणालं?”

बायको माझ्याकडे पाहत होती. ती जवळच बसली होती आणि तिला सगळे कळत होते.

परतीच्या बसमध्ये मी ठरवले की मीही आपलेच बोलायचे. ती माझीही आईची भाषा होती. वीस वर्षे वापरली नाही म्हणून काय झाले. दुसऱ्या दिवशी बाई आठवडी बाजाराला गेली तेव्हा मी चहा केला, दोन कप घेऊन तिच्यासमोर बसलो. मनात वाक्य तीनदा म्हणून पाहिले. मग म्हणालो, “मले चहा पायजे. तुले पायजे का?”

तिने मान वर केली. मग तिचा चेहरा हळूहळू आक्रसला आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवले. खांदे हलत होते. मी कप खाली ठेवला. मी म्हणालो, अगं, मी खरंच म्हणतो आहे. ती वळली नाही.

बाई बाजारातून आली तेव्हाही ती तशीच होती. “का केलं?”

“मी तुमच्यासारखं बोललो.”

“चिडवलं म्हना.”

“चिडवलं नाही हो.”

“तिले कसं कळन गुरुजी? इतके वर्स तुमी तसंच बोलून त चिडवलं तिले.”

ते खरे होते. लग्नापासून माझ्या तोंडून मले हा शब्द एकाच कामासाठी निघत आला होता, तिची चूक तिला दाखवायला. त्याला माझ्या तोंडात दुसरा सूर उरलाच नव्हता. माझ्या भाषेत बोललो तर दुरुस्ती होती, तिच्या भाषेत बोललो तर टिंगल. तिसरी भाषा मला येत नव्हती.

म्हणून मी बोलणे थांबवले. शाळेतून आलो की त्या दोघींपासून जरा दूर, दाराजवळ बसे आणि सुपातले थोडे तांदूळ ताटात घेऊन खडे निवडी. पहिल्या दिवशी मी बसलो आणि घर गप्प झाले. बाईने एकटीनेच गाणे सुरू ठेवले. दुसऱ्या दिवशीही तसेच. मी वर पाहत नव्हतो, पाहिले तर तपासल्यासारखे होईल अशी भीती वाटे. दिवाळीपर्यंत मी त्या भागातल्या कुठल्याही नवऱ्यापेक्षा जास्त तांदूळ निवडले असतील. कापणीला बाई गावी गेली आणि दाराला परत कुलूप लागले. विहिरीवर झाकण बसवले होते, तरी माझा धीर होत नव्हता. बाई पौषात परत आली.

माघ महिना असेल. मी आलो, चपला काढल्या. आत बायको बहिणीला काहीतरी सांगत होती, गावच्या कोंबड्याविषयी. “तो... माह्या... मांगं... लागला,” आणि मी दारातून आत पाऊल टाकले. तिने मला पाहिले. मी थांबलो. ती एक श्वास थांबली आणि म्हणाली, “मले... चोच... मारली. मोठी.”

वाक्य माझ्या डोळ्यांसमोर पुरे झाले. मी आतल्या खोलीत गेलो आणि सदरा काढायला हात वर केले ते तसेच ठेवून उभा राहिलो. बाहेर बाई म्हणत होती, “त्या कोंबड्याले मंग आपन खाल्ला.”

त्यानंतर बायको साडेतीन वर्षे जगली. बाई रोवणी आणि कापणी सोडून आमच्याकडेच असे. ती गावी गेली की कुलूप लागे आणि बायको दिवसचे दिवस गप्प राही. शब्द वाढत गेले, फार नव्हे. बाईशी ती बोले, चाचीशी थोडे, गल्लीतल्या कुत्र्याशीसुद्धा. मी समोर असलो तरी बोले. माझ्याशी मात्र बोलली नाही. पाणी हवे असले तर माझ्या सदऱ्याचे टोक डाव्या हाताने ओढी. ओढण्यात राग नसे. मी तिला काही विचारले तर मानेने सांगे. मी खूप वाट पाहिली. घाई केली नाही, आठवण दिली नाही, पुस्तक परत काढले नाही. डॉक्टर म्हणाले होते की वाट थोडी उघडेल. ती उघडली, माझ्या बाजूला उघडली नाही.

एकदा मी बाईला विचारले, “माझ्याविषयी कधी बोलते का?”

“बोलते न.”

“काय?”

“ते तिचं न माझं,” ती म्हणाली.

दुसरा झटका आला तो दोन दिवसांचा होता. त्यात ती काही बोलली नाही.

मी सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. घर तेच आहे. बाई गावी आहे, तिचे पाय आता चालत नाहीत, मी वर्षातून दोनदा जाऊन येतो. तिला मी पुन्हा विचारलेले नाही. बायकोचा माझ्याशी बोलतानाचा आवाज, लग्नानंतरच्या वर्षांतला, मी आठवून पाहतो. तो येत नाही. बहिणीशी बोलतानाचा येतो, भिंतीच्या बाहेर उभे राहून ऐकलेला. माझ्याजवळ तो आहे.